धावणाऱ्यांच्या चालण्याचा मागोवा

मॅरेथॉनच्या नियमांत चालायला कुठेही बंदी नाही. चालण्याच्या शर्यतीत दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले दिसले तर पंच कार्ड दाखवतात, स्पर्धक बादही होतो. धावण्याच्या शर्यतीत मात्र कोणी शंभर पावलं चाललं, पाचशे चाललं, तरी त्याला हटकणारं कोणी नसतं. असं असूनही मुंबईत पेडर रोडच्या चढावर जो चालू लागतो त्याची मान खाली जाते. कडेला उभी असलेली माणसं अगदी मायेने ओरडतात, "चालू नका, चालू नका, थोडंच राहिलंय!" घरी आल्यावर लोक वेळ विचारतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो : "पूर्ण धावलात ना?"

ही लाज नियमांनी आणलेली नाही. तिचं वय सव्वाशे वर्षांच्या आसपास आहे, आणि तिच्या आधी लांब पल्ल्याचे सर्वांत मोठे धावपटू भर गर्दीसमोर, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर, खुशाल चालत होते.

लंडनच्या इस्लिंग्टन भागात ॲग्रिकल्चरल हॉल नावाची एक अवाढव्य इमारत होती. बांधली होती गुरांच्या प्रदर्शनांसाठी. १८७८च्या मार्चमध्ये तिथे सहा दिवसांची शर्यत भरली. सहाच दिवस, कारण रविवारी खेळ भरवणं त्या समाजात चालत नसे; रविवारची मध्यरात्र उलटली की सुरुवात आणि शनिवारी रात्री शेवट. तोवर अशा स्पर्धा फक्त चालण्याच्या असत. या खेळाला पेडेस्ट्रियनिझम म्हणत आणि त्याचा सर्वांत गाजलेला माणूस होता अमेरिकेचा एडवर्ड पेसन वेस्टन. १८६०च्या निवडणुकीवर त्याने मित्राशी पैज लावली आणि हरला, म्हणून १८६१च्या हिवाळ्यात तो बॉस्टनहून वॉशिंग्टनपर्यंत लिंकनच्या शपथविधीला चालत गेला. काही तासांनी शपथविधी चुकला, पण वेस्टनचं नाव झालं ते झालंच. त्याचा प्रतिस्पर्धी डॅनियल ओलिअरी आयर्लंडमधून शिकागोला आलेला, दारोदार पुस्तकं विकून पोट भरणारा माणूस. १८७७मध्ये त्याने याच हॉलमध्ये वेस्टनला हरवलं.

या स्पर्धांमध्ये एक भांडण कायम असे. ओलिअरीची चाल खरंच चाल आहे की तो मधूनच धावतो? टाच आधी टेकली की नाही? सर जॉन ॲस्टली या खासदाराने, जो स्वतः अशा स्पर्धांवर मोठ्या रकमा लावत असे, तोडगा काढला. त्याने जगज्जेतेपदासाठी एक पट्टा ठेवला आणि शर्यतीला एकच नियम घातला : वाटेल तसं जा. धावा, चाला, झोपा, उठा. सहा दिवसांत ज्याचे मैल जास्त, त्याचा पट्टा.

माझ्या मते लांब धावण्याच्या इतिहासातला हा फार मोलाचा क्षण आहे, कारण चालणं आणि धावणं यांच्यात कोणतं श्रेष्ठ हा प्रश्नच त्या नियमाने काढून टाकला. उरला फक्त हिशेब. पहिल्या शर्यतीत ओलिअरीने ५२० मैल केले, म्हणजे सुमारे ८३७ किलोमीटर. पुढच्या वर्षी मार्चमध्ये केंब्रिजकडच्या चार्ल्स रोवेल या ठेंगण्या, दुडक्या चालीने धावणाऱ्या गड्याने न्यूयॉर्कमध्ये पट्टा मिळवला. मग जून १८७९मध्ये नवल घडलं. आयुष्यभर चालणारा वेस्टन, वयाच्या चाळिशीत, इस्लिंग्टनला धावायलाही लागला आणि ५५० मैल करून जिंकला. चालणारा धावायला शिकला, धावणारे चालायला शिकले, आणि आकडे चढत गेले. १८८८मध्ये शेफील्डच्या जॉर्ज लिटलवुडने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांत ६२३ मैल आणि वर पाऊण मैल काटला. हे अंतर एक हजार किलोमीटरच्या वर जातं. तो विक्रम ९६ वर्षं टिकला. १९८४मध्ये ग्रीसच्या यानिस कूरोसने तो मोडला.

एवढं टिकाऊ काम ज्या खेळात झालं तो खेळ मात्र दहा-पंधरा वर्षांत विरून गेला. प्रेक्षक सायकलींच्या शर्यतींकडे वळले. सट्टा आणि त्याभोवतीची बदनामी होतीच. शिवाय इंग्लंडमध्ये १८८०मध्ये हौशी खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि पैशासाठी पळणाऱ्यांना तिने दाराबाहेर ठेवलं. नव्या मैदानी खेळांत चालण्याची शर्यत वेगळी, धावण्याची वेगळी. दोन्ही एकाच माणसाने एकाच शर्यतीत करायची ही कल्पना पेडेस्ट्रियन मंडळींबरोबर गेली.

मग आली १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकची मॅरेथॉन. मिशेल ब्रेआल या फ्रेंच विद्वानाने ती सुचवली आणि चषक देऊ केला. शर्यतीचा आधार होता मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची बातमी घेऊन धावत आलेल्या आणि ती सांगून प्राण सोडलेल्या दूताची कथा. हिरोडोटसने लिहिलेली गोष्ट खरं तर वेगळी आहे. त्याचा फिडिपिडिस अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला गेला. ते अंतर २४० किलोमीटरच्या घरात आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी पोचला. तेवढ्या डोंगराळ वाटेवर तो कुठेच चालला नसेल असं मला वाटत नाही. आज त्याच वाटेवर २४६ किलोमीटरची स्पार्टाथलॉन होते, ३६ तासांची मर्यादा असते, आणि भाग घेणारी बहुतेक माणसं चढांवर चालतात. पण ऑलिंपिकने निवडली ती दुसरी, मरणाची कथा. एका दमात धावायचं आणि शेवटी कोसळायचं, हा तिचा साचा, आणि तो लोकांच्या मनात पक्का बसला.

प्रत्यक्षात पहिल्या मॅरेथॉन धावणारे लोक चालतच होते. १८९७ची पहिली बॉस्टन मॅरेथॉन जॉन मॅकडरमॉटने २ तास ५५ मिनिटं १० सेकंदांत जिंकली. शेवटच्या मैलांत तो अनेकदा चालला, पायात गोळा आल्यावर थांबून चोळूनही घेतला, आणि तरी दुसऱ्यापेक्षा जवळजवळ सात मिनिटं पुढे होता. १९०४च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये उन्हात आणि धुळीत ३२ जण निघाले आणि १४ पोचले. विजेता थॉमस हिक्स शेवटी चालत, लडबडत, स्ट्रिकनीन आणि ब्रँडीच्या डोसांवर पुढे ढकलला जात होता. चालण्याचा हा प्रकार मात्र वेस्टन आणि रोवेलच्या चालण्यापेक्षा पूर्ण वेगळा आहे. ते चालत होते ते ठरवून, हिशेबाने. हिक्सचं शरीर संपलं होतं म्हणून तो चालत होता. पुढची कित्येक वर्षं लोकांनी शर्यतीतलं चालणं पाहिलं ते याच रूपात, आणि त्यामुळे चालणं म्हणजे संपणं हे समीकरण होऊन बसलं. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डोरांडो पिएत्री स्टेडियममध्ये शिरल्यावर पुन:पुन्हा पडला, त्याला धरून रेषेपार नेलं, बाद केलं आणि दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला चषक दिला. पडेपर्यंत धावणाऱ्याला चषक मिळाला. न पडण्यासाठी चालणाऱ्याला असा मान कोणी दिल्याचं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

योगायोग असा की त्याच १९०८ साली, त्याच देशात, बेडन-पॉवेलचं मुलांसाठीचं स्काउटिंगचं पुस्तक निघालं आणि त्यात 'स्काउट पेस' होता : काही पावलं चालायचं, तितकीच धावायचं, पुन्हा चालायचं. बारा मिनिटांत एक मैल, ही त्याची परीक्षा. दूरचा निरोप पोचवून तिथे कामाला उभं राहता आलं पाहिजे, हा विचार त्यामागे होता. आपल्याकडे शाळेत स्काउटची खाकी घातलेल्यांपैकी काहींना ही चाल आठवत असेल. मोठ्यांच्या मैदानावरून हद्दपार झालेली गोष्ट मुलांच्या खेळात अशी जिवंत राहिली.

मोठ्यांकडे ती परत आली ती हृदयरोग्यांच्या वाटेने. न्यूझीलंडचा प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड १९६०च्या रोम ऑलिंपिकनंतर जगभर ओळखला जाऊ लागला, कारण त्याच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली. पण ऑकलंडमध्ये त्याने दुसरंही एक काम हाती घेतलं होतं. पोट सुटलेले, हृदयाचा त्रास असलेले मध्यमवयीन लोक गोळा करायचे आणि त्यांना हळूहळू धावायला लावायचं, दम लागला की चालायला सांगायचं. १९६२च्या अखेरीस अमेरिकेच्या ओरेगन विद्यापीठाचा प्रशिक्षक बिल बोवरमन तिथे पाहुणा म्हणून गेला. लिडियार्डने त्याला या मंडळींबरोबर धावायला नेलं. बोवरमन पन्नाशीचा, स्वतःला बरा तंदुरुस्त समजणारा. पहिल्याच टेकडीवर तो मागे पडला आणि सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक गृहस्थ त्याच्यासाठी मागे थांबून बोलत बोलत त्याला सोबत करत राहिला.

बोवरमन परत आला तो हेच डोक्यात घेऊन. यूजीन गावात त्याने साध्या नागरिकांना मैदानावर बोलावलं आणि डब्ल्यू. ई. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाच्या मदतीने पायऱ्या आखल्या. १९६७मध्ये दोघांचं 'जॉगिंग' हे पुस्तक आलं आणि लाखोंनी खपलं. त्यातल्या नवशिक्यांच्या वेळापत्रकात थोडं अंतर धावणं, थोडं चालणं, पुन्हा धावणं अशी आखणी आहे, आणि वेग किती तर सोबत्याशी बोलता येईल इतका. नाइकी कंपनीचा हा सहसंस्थापक लोकांना बुटांसाठी आठवतो. मला त्याचं हे काम जास्त मोठं वाटतं.

दुसरी वाट होती अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब, धावणाऱ्यांची, आणि ती थेट ॲग्रिकल्चरल हॉलपासून येते. न्यू जर्सीतल्या ग्लासबरो कॉलेजात गणित शिकवणारा टॉम ओस्लर हा पट्टीचा लांब पल्ल्याचा धावपटू. १९७६च्या डिसेंबरात त्याने कॉलेजच्या ट्रॅकवर चोवीस तासांची धाव केली ती सुरुवातीपासून मध्ये मध्ये चालत. त्याचा मित्र एड डॉड एकोणिसाव्या शतकातल्या पेडेस्ट्रियन लोकांच्या जुन्या बातम्या खणून काढत होता. १९७९मध्ये दोघांनी मिळून अल्ट्रामॅरेथॉनवर पुस्तक लिहिलं. त्यात वेस्टन, ओलिअरी, रोवेल पुन्हा अवतरले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची पद्धतही. ओस्लरचं सांगणं होतं की चालणं थकल्यावर नको, पहिल्या तासापासून हवं. पुढे १९८०मध्ये अमेरिकेत सहा दिवसांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या, त्यांच्यामागे डॉडचाही हात होता. वर्तमानपत्राच्या पिवळ्या पडलेल्या रकान्यांतून एक कसब असं परत येतं, तेव्हा इतिहास वाचणाऱ्या माणसाला मनापासून आनंद होतो.

आता जेफ गॅलोवे. आज जगभर धावणाऱ्यांच्या घड्याळात 'रन-वॉक'ची जी टिकटिक असते तिच्यामागचा माणूस. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो दहा हजार मीटर धावला होता. म्हणजे चालण्याचा सल्ला देणारा हा माणूस दमाने कमी नव्हता, आणि म्हणूनच त्याचं ऐकलं गेलं. धावण्याच्या सामानाचं दुकान काढलं तेव्हा त्याने त्याला नाव दिलं फिडिपिडिस. १९७४मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात त्याला कधीच न धावलेल्यांचा वर्ग शिकवायला मिळाला. त्याने त्यांना घेऊन धावायला सुरुवात केली आणि धाप लागायच्या आत चालायला लावलं. जो गट जितका कच्चा, तितके त्याला चालण्याचे थांबे जास्त. त्याने पुढे वारंवार सांगितलं आहे की सत्राच्या शेवटी सगळ्यांनी पाच किंवा दहा किलोमीटरची शर्यत पूर्ण केली आणि एकालाही दुखापत झाली नाही.

तो स्वतः तोपर्यंत दुखापतींनी हैराण होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याने आपल्या धावण्यातही हे थांबे आणले. १९८०च्या ह्यूस्टन मॅरेथॉनमध्ये पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालत तो २ तास १६ मिनिटं ३५ सेकंदांत पोचला. वेस्लियन विद्यापीठातला त्याचा सहकारी बिल रॉजर्स १९७५ची बॉस्टन मॅरेथॉन २ तास ९ मिनिटं ५५ सेकंदांत जिंकला होता, अमेरिकेचा विक्रम करून, आणि त्याही धावेत तो पाणी प्यायला काही वेळा आणि बुटाची नाडी बांधायला एकदा चक्क थांबला होता. पण रॉजर्सच्या थांबण्यात पद्धत नव्हती. गॅलोवेने पद्धत केली : चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, किंवा एक मिनिट धाव, अर्धं मिनिट चाल, वेगानुसार प्रमाण बदला, पण पहिल्या किलोमीटरपासून पाळा. १९८४मध्ये त्याचं पुस्तक आलं, मग प्रशिक्षणाचे गट, मग पुढची पुस्तकं.

पहिल्या किलोमीटरपासून, हे त्यातलं मर्म आहे आणि पाळायला सर्वांत कठीण तेच आहे. पाय ताजे असतात, शेजारून माणसं सपासप पुढे जात असतात, आणि घड्याळ म्हणतं चाल. थकवा जाणवतो तोपर्यंत तो बराच आधीपासून साचलेला असतो, म्हणून तिसाव्या किलोमीटरला घेतलेली विश्रांती उशिराची असते. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर आदळतो; चालताना तो वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. कामही बदलतं. धावताना पाय स्प्रिंगप्रमाणे दबतो आणि उसळतो, त्यात मांड्या आणि पोटऱ्यांचे तेच स्नायू हजारो वेळा ताणले जातात. चालताना शरीर सरळ पायावरून उलट्या लंबकाच्या रीतीने पुढे कलतं, आणि त्या स्नायूंना क्षणभर दुसरं काम मिळतं. घाम वाळायला, पाणी अंगावर न सांडता पोटात जायलाही तेवढा वेळ मिळतो.

वेळ किती जातो? कोणी साडेसहा मिनिटांना किलोमीटर या वेगाने चार मिनिटं धावला आणि दहा मिनिटांना किलोमीटर या वेगाने एक मिनिट चालला, तर सरासरी येते ६ मिनिटं ५९ सेकंद. पूर्ण मॅरेथॉन ४ तास ५५ मिनिटांत होते. साडेसहाच्या वेगाने सुरुवात करून पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय ओढत चालणारे किती जण प्रत्यक्षात पाच तासांच्या पलीकडे जातात, ते कोणत्याही मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यावर उभं राहून पाहावं.

ओहायो स्टेट विद्यापीठात मनोज श्रीनिवासन आणि लिरॉय लाँग यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या सगळ्या वंशावळीत फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी लोकांना ठरावीक अंतर ठरावीक वेळात जायला सांगितलं, कसं जायचं ते सांगितलं नाही. वेळ खूप असला तर लोक चालले, कमी असला तर धावले, आणि मधल्या वेगांना त्यांनी आपणहून थोडं चालणं, थोडं धावणं असा मेळ घातला. त्या वेगांना शरीराची ऊर्जा सर्वांत कमी लागते ती याच मिश्रणात, असं गणितही सांगतं. वाटेल तसं जा म्हटलं की माणूस काय करतो, हे ॲस्टलीच्या शर्यतीनंतर १३५ वर्षांनी प्रयोगशाळेच्या वाटेने पुन्हा दिसलं.

जर्मनीतल्या कासेल मॅरेथॉनमध्येही एक अभ्यास झाला, २०१६मध्ये छापला गेला. ४२ हौशी धावपटू, त्यांतले काही सलग धावले, बाकीचे दर अडीच किलोमीटरला एक मिनिट चालले. चालणाऱ्यांची सरासरी वेळ ४ तास १४ मिनिटं, सलग धावणाऱ्यांची ४ तास ७ मिनिटं. फरक लक्षणीय म्हणावा इतका नाही. सलग धावणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जण शेवटी अतिशय गळून गेले होते, चालणाऱ्यांत असे पाच टक्क्यांहून कमी. स्नायूंचं दुखणंही कमी. संशोधकांना हृदयावरचा ताणही कमी होईल असं वाटत होतं; रक्ताच्या तपासण्यांत तसा फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, आणि या पद्धतीने हृदय वाचतं असं त्यावरून कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. जे दोन तास दहा मिनिटांत धावतात त्यांनाही याचा उपयोग नाही, त्यांच्या धावेत आणि चालीत अंतर फार मोठं पडतं. फायदा आहे तो चार, पाच, सहा तास रस्त्यावर असणाऱ्यांना, आणि मॅरेथॉनमध्ये गर्दी त्यांचीच असते.

१९९६मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने आपल्या पन्नाशीच्या आईला डोळ्यांसमोर ठेवून नऊ आठवड्यांचं एक वेळापत्रक बनवलं : पहिल्या आठवड्यात साठ सेकंद धाव, नव्वद सेकंद चाल. 'काउच टू फाइव्ह के' नावाने ते जगभर गेलं, ब्रिटनच्या आरोग्यसेवेनेही उचललं. त्याने असंख्य लोकांना घराबाहेर काढलं. पण त्यात नवव्या आठवड्यापर्यंत चालणं पूर्ण पुसलं जातं, आणि इथे गॅलोवेशी त्याचा मतभेद आहे. एकाच्या लेखी चालणं ही शिडी, वर चढल्यावर काढून घ्यायची. दुसऱ्याच्या लेखी ते धावण्याचाच भाग, कायमचा. आपल्या शहरांतल्या बहुतेक गटांत अजून पहिलाच विचार चालतो : नवख्यांना रन-वॉक, आणि सहा महिन्यांनी "आता सलग करा". मला हे पटत नाही. ज्याच्या गुडघ्यांना, वयाला, वजनाला थांबे मानवतात त्याला ते सोडायला लावण्यात जुन्या लाजेशिवाय दुसरं कारण मला दिसत नाही.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन या बाबतीत कितीतरी शहाणी आहे. व्हिक क्लॅफम या पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकाने १९२१मध्ये ती मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी सुरू केली. पीटरमारित्झबर्ग आणि डरबनच्या मध्ये सुमारे ९० किलोमीटर, डोंगरच डोंगर, आणि १२ तासांची मर्यादा. तिथे ठरावीक वेळेत पोचवणाऱ्या पेसरच्या मागे मोठा घोळका धावतो, त्याला 'बस' म्हणतात आणि पेसरला ड्रायव्हर. ड्रायव्हर हाक देतो की सगळी बस एकदम चालू लागते. हाक देतो की सगळी बस धावू लागते. त्यात कोणी मागे पडलेला नसतो. मुंबई, पुणे, कोल्हापूरहून दरवर्षी जाणारी मंडळी या बसमध्ये बसून आली आहेत, आणि येताना ती सवय घेऊन आली आहेत.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये या सवयीचा उपयोग होतो. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. उतार मांड्यांची परीक्षा पाहतो, आणि ज्यांनी चढावर मांड्या शिल्लक ठेवल्या त्यांनाच तो पळत उतरता येतो. अशा अनुभवी लोकांचं घाटातलं चालणं लांबूनही ओळखू येतं. ते धाप लागायच्या आधी सुरू होतं, कडेला सरकून हात वर करून सुरू होतं, म्हणजे मागचा अंगावर येत नाही. चाल झपझप असते, हात हलते असतात, आणि मनगटावर बीप वाजली की वाक्य अर्धवट सोडून ते पुन्हा धावू लागतात.